मे महिन्यात हिमाचलातल्या तीर्थन नदीला पाणी चढलेलं असतं, तेव्हा ट्राउटसाठी फ्लाय टाकायची तरी कुठे?

खांडेपारी:
नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, गरी मला नवी नाही, फ्लाय (पिसं-लोकर बांधून किड्यासारखी केलेली गरी) नवी आहे. लहानपण खांडेपार नदीवर गेलं, नंतर ल्यूर (खोटा मासा) घेऊन दुर्भाटच्या बाजूला चोणकाच्या (खाडीतला मोठा मासा) मागे लागून घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या. गेल्या वर्षी मस्कतहून आलेल्या मावसभावाने त्याचा नऊ फुटी फाइव्ह वेटचा फ्लाय रॉड मला देऊन टाकला आणि डोक्यात किडा शिरला की ट्राउट करायचा. मग काय, मे महिन्याची सुट्टी, बायको पोरं घेऊन दिल्ली, तिथून रात्रीची बस, पहाटे औटला उतरलो, तिथून टॅक्सीने बंजार आणि पुढे गुशैनी. चार दिवस.

यूट्यूबवर बघितलेलं असतं ना, काचेसारखं पाणी, माणूस मध्यावर उभा, नाजूक माशी पाण्यावर तरंगते आणि मासा वर येऊन गप्प करून गिळतो. तसलं काहीएक नव्हतं. नदी तांदळाच्या धुवणासारखी, आवाज इतका की बायकोला हाक मारायची तर ओरडावं लागे, आणि पाणी एवढं गार की पाच मिनिटांत पायाची बोटं आपली आहेत की दुसऱ्याची ते कळत नाही. मी आपला मध्याकडे लांब लांब कास्ट मारत होतो, लाइन पडते न पडते तोच धार तिला ओढून खाली न्यायची. १९ फ्लाय घालवल्या, काही दगडात, काही मागच्या झाडांत. तिसऱ्या दिवशी जरा पुढे जावं म्हणून गुडघ्याच्या वर पाण्यात शिरलो, गोट्यावरून पाय सटकला, खिशातला फोन गेला, गुडघा सोलवटला, नशीब म्हणून काठाच्या मुळीला हात लागला.

सगळ्यात जास्त झोंबलं ते वेगळंच. तिथला एक म्हातारा, डोक्यावर कुल्लू टोपी, माझ्यापासून पन्नास पावलांवर अगदी काठाला उकिडवा बसलेला, त्याने माझ्या डोळ्यांदेखत दोन काढले. मला वाटलं याच्याकडे चारा काहीतरी वेगळा असणार.

ह्या मेमध्ये परत जातोय, तारीख बदलणं शक्य नाही, सुट्टी तेव्हाच. तर एवढ्या पाण्यात ट्राउट असतो कुठे, फ्लाय कसली लावायची, आणि मुळात जमणारं आहे का हे? की सरळ पोरांना घेऊन जलोडी पास बघून यावं?

मानशीवरचो:
बाबा, तुझं उत्तर तूच लिहिलं आहेस आणि तुला दिसलेलं नाही. म्हातारा काठाला बसला होता. चारा नाही, जागा.

मी तिथे पहिल्यांदा २०११ ला गेलो, त्यानंतर चार-पाच वेळा, त्यातल्या दोन खेपा असल्याच चढ्या पाण्यात. पहिल्या खेपेला माझंही तुझ्यासारखंच झालं, फोन तेवढा वाचला कारण तेव्हा बटणांचा होता.

आता तू चोणकवाला आहेस म्हणून तुझ्याच भाषेत सांगतो. ओहोटी लागल्यावर मानशीचं, म्हणजे बांधातल्या झडपेचं, दार उघडतं, खाजनातलं (बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीतलं) पाणी धो धो बाहेर पडतं, तेव्हा चोणक कुठे असतो? मधल्या धारेत? कधीच नाही. तो बाजूच्या दगडी भिंतीला चिकटून, सावलीत, जिथे पाणी जवळजवळ उभं असतं तिथे नाक धारेकडे करून थांबतो आणि धारेतून वाहून आलेली सुंगटं (कोळंबी) तेवढी पटकन पुढे होऊन उचलतो आणि परत जागेवर. माझा आजा मानशीवर रात्ररात्र बसायचा (पावणी, म्हणजे मानशीवर मासे धरायचा लिलावातला हक्क, आमच्या घराकडे असायची तेव्हाची गोष्ट), त्याची एकच शिकवण, दिवा मध्यावर मारू नको, भिंतीला मार. ट्राउट ह्या बाबतीत चोणकाचा मावसभाऊ समज. त्याला जगायला दोन गोष्टी पाहिजेत, ताकद कमी खर्च होईल अशी जागा आणि तोंडाजवळून जाणारं खाणं. नदी कमी असते तेव्हा तसल्या जागा मध्यावर सुद्धा असतात म्हणून मासा पसरलेला असतो. पाणी चढलं की मध्यावर राहणं परवडत नाही, मग तो काठाला येतो, कधी कधी तर अक्षरशः तुझ्या बुटाच्या टोकापासून हातभर अंतरावर, आदल्या आठवड्यात जिथे कोरडं गवत होतं तिथे. तू पाण्यात शिरलास म्हणजे माशाला तुडवून पुढे गेलास आणि जिथे मासा नाही तिथे कास्ट मारत बसलास.

बघायच्या जागा सांगतो. मोठ्या दगडाच्या मागचं शांत पाणी तर सगळेच बघतात, पण दगडाच्या पुढेही, धार आपटून दुभंगते तिथे, उशीएवढी मऊ जागा असते, ती सोडू नको. नदी वळते तिथे आतली बाजू. काठ खचून खोबण झालेली असते तिथे पाणी उलटं फिरतं, ते उलटं फिरणारं पाणी म्हणजे सोनं, फक्त लक्षात ठेव की तिथे माशाचं तोंड खालच्या अंगाला असतं कारण त्याच्यासाठी धार तिकडून येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेगवान पाणी आणि संथ पाणी यांची जी हद्द असते, फेसाची रेघ दिसते बघ, त्या रेघेच्या आतल्या अंगाने तुझी फ्लाय सरकली पाहिजे. रेघेच्या बाहेर गेली की परत घे, वेळ घालवू नको.

तळाशी पाणी वरच्यापेक्षा बरंच हळू असतं, दगडगोटे अडवतात ना. मासा त्या तळातल्या हातभर थरात असतो. तेव्हा वर तरंगणारी माशी डबीत ठेव, ती सप्टेंबर-ऑक्टोबरची चैन.

पेडण्याचो पावस:
अडीच हजार किलोमीटर जाऊन वीतभर मासा पकडायचा, तो पण खायचा नाही, सोडून द्यायचा, आणि त्याच्यासाठी फोन वाहवायचा. मरे, जूनमध्ये चापोऱ्याला ये, बंदीच्या दिवसांत ट्रॉलर आत असतात, पहिल्या पावसाचं गढूळ पाणी खाली येतं, काठावरून चोणक, तांबोसो काय पाहिजे ते घे, संध्याकाळी घरी हुमण (माशाची आमटी). गार पाण्यात पाय नाही सुन्न झाले तर मला सांग 😄

बाय द वे ट्राउट म्हादईत सोडला तर? दूधसागराच्या वरच्या अंगाला पाणी गार असतं की.

म्हादईकाठची:
नाही हो, गार म्हणजे आपल्याला गार. मी शाळेत केमिस्ट्री शिकवते म्हणून राहवत नाही. पाणी जेवढं गार तेवढा प्राणवायू त्यात जास्त विरघळतो, समुद्रसपाटीचा हिशेब धरला तर १० डिग्रीला लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या वर, आपल्या नद्या २७-२८ ला असतात तिथे पावणेआठच्या आसपास. ट्राउटला २० डिग्रीच्या वरच घाम फुटतो, म्हादईत त्याची एका दुपारीच अंत्ययात्रा निघेल. हिमाचलातसुद्धा तो मूळचा नाहीच, साहेबाने आणला. आधी काश्मीर, मग १९०९ च्या सुमारास कुल्लूत, ब्राऊन ट्राउट. नदी मानवली म्हणून राहिला.

आता खांडेपारी दादा, तुमच्यासाठी. मी आणि माझा भाऊ मागच्या मेमध्ये तिथेच होतो, कदाचित तुमच्या आठवड्यातच! मानशीवरचे काका म्हणतात ते शंभर टक्के, पण त्यात एक गोष्ट जोडते, जी आम्हाला दोन दिवस फुकट घालवल्यावर कळली. वेळ.

ती नदी बर्फावर चालते. वर दिवसभर ऊन पडतं, बर्फ वितळतं, पण ते पाणी खाली पोचायला कित्येक तास लागतात, म्हणून गुशैनीच्या आसपास दुपार कलल्यावर पाणी चढायला लागतं आणि संध्याकाळी-रात्री सगळ्यात जास्त. रात्री वर परत गोठतं, त्यामुळे पहाटेपासून साधारण दहा-अकरापर्यंत पाणी सगळ्यात कमी आणि सगळ्यात स्वच्छ. आम्ही काय करायचो, निवांत उठून पराठे खाऊन अकराला रॉड काढायचो. गोव्याची माणसं ना आपण 🙈 तिसऱ्या दिवशी भावाने संध्याकाळी काठाच्या एका दगडावर पाण्याच्या रेषेला कोळशाने खूण केली, सकाळी सहाला जाऊन बघतो तर पाणी त्या खुणेच्या चांगलं वीतभर खाली. आणि रंग धुवणाचा नाही, फिकट हिरवा. त्या दिवशी मिळाला पहिला.

अजून एक. पाणी उतरत असताना मासा खातो, चढत असताना नाही, म्हणजे निदान आमचा अनुभव तसा. चढताना पाण्याबरोबर पाला, काटक्या, सगळा कचरा येतो, दर कास्टला हूकवर पान. आणि गढूळपणाची आमची मोजणी अशी, काठाला गुडघाभर पाण्यात रॉडचं टोक बुडवायचं, फूटभर खोल गेल्यावर दिसतंय तोवर गरी घालायची, वीतभरातच गायब झालं तर चहा प्यायचा. तसल्या वेळी एखादा छोटा ओहोळ शोधा, जंगलातून येणाऱ्या ओढ्यांना बर्फाचं पाणी कमी असतं म्हणून ते लवकर निवळतात, आणि ओढा जिथे नदीला मिळतो तिथे स्वच्छ पाण्याची एक पट्टी काठाकाठाने खाली जाते. ती पट्टी सोडायची नाही.

खांडेपारी:
अरे देवा, म्हणजे मी अकरा ते सहा उभा होतो, बरोब्बर उलटं. पोरं उठायची, आंघोळी, नाश्ता...

काका, मानशीचं उदाहरण वाचून खरंच डोक्यात लाइट पेटली, मी स्वतः हे चोणकासाठी करतो आणि तिथे गेल्यावर अक्कल गहाण ठेवली. पण आता पुढचा प्रश्न, काठाजवळ एवढ्या कमी अंतरात फ्लाय टाकायची कशी? लाइन तर रॉडच्या बाहेरच येत नाही नीट. मी फोंड्याच्या मैदानावर चाळीस-पन्नास फुटांच्या कास्टची प्रॅक्टिस करतोय सहा महिने, फुटबॉलवाली पोरं हसतात ते वेगळं. आणि मागे सगळीकडे झाडं. आणि फ्लाय तळाला न्यायची म्हणजे किती वजन?

मानशीवरचो:
पन्नास फूट विसर. तुझ्या घरी आजोबांची बांबूची काठी होती का? काठीच्या टोकाला तंगूस बांधलेला, रीळ नाही काही नाही, बांधावर बसून शेवटो, कालुंदर काढायचे ती. तसंच करायचं आहे तुला, फक्त काठी महागातली आहे. जपान्यांनी ह्यालाच टेन्कारा नाव देऊन विकायला काढलं, आपल्या आज्यांना कोणी पेटंट दिलं नाही.

रॉडच्या बाहेर फ्लाय लाइन फार तर दोन-तीन फूट, बाकी सगळं लीडर (लाइन आणि फ्लायच्या मधला बारीक दोर). काठापासून एक पाऊल मागे, गुडघे वाकवून. फ्लाय वरच्या अंगाला टाक, रॉडचं टोक उंच धर, लाइन पाण्याला टेकू देऊ नको, आणि फ्लाय जशी खाली वाहत येईल तसं टोक तिच्या जरासं पुढे ठेवून चालव. लाइन पाण्याला टेकली की वरची जोरदार धार तिला ओढते आणि तिच्यामागे फ्लाय पळायला लागते, तळातला मासा असली पळणारी गोष्ट बघून काय म्हणेल, हे खाणं नाही. गेल्या वर्षी तुझं तेच झालं. ड्रिफ्ट, म्हणजे फ्लायचं हे वाहणं, संपला की लाइन खाली ताणली जाते, त्या ताणावरच मनगटाने परत वर झटका. मागे कास्ट न्यायचीच नाही, मग झाडं कशाला लागतील?

वजनाचं असं आहे की दर चार-पाच ड्रिफ्टला एकदा तरी तळाचा दगड टक् करून लागला पाहिजे. लागत नसेल तर हलकं आहे, प्रत्येक वेळी अडकत असेल तर जड आहे. टंगस्टनचा मणी घे, तो पितळेच्या दुपटीहून जास्त जड असतो, म्हणजे फ्लाय लहान राहूनही बुडते. तेवढ्याने नाही भागलं तर फ्लायच्या वर वीतभर अंतरावर शिशाची एक गोळी दोरावर चावून बसव. इंडिकेटर (पाण्यावर तरंगणारी खूण) लावणार असशील तर पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर.

लीडर नऊ फुटी नको, सहा-सात पुरे. टिपेट (लीडरच्या टोकाचा सगळ्यात बारीक दोर) थ्री-एक्स लाव, साधारण ०.२० मिलिमीटर. यूट्यूबवाले फाइव्ह-एक्स, सिक्स-एक्स सांगतील, ते काचेच्या पाण्यासाठी. गढूळ पाण्यात मासा दोर मोजत बसत नाही आणि एवढ्या धारेत बारीक दोर ठेवलास तर मासा लागला की सरळ लार्जीला पोचेल.

कोंब्याचं पीस:
फ्लाय कोणती ह्याचं उत्तर कोणी दिलंच नाही, मी देतो कारण मी घरी बांधतो. मोठी आणि काळी. बस. गढूळ पाण्यात रंगापेक्षा आकार दिसतो, खालून बघताना काळं सगळ्यात ठळक. आठ नंबरच्या हूकवर काळा वूली बगर, शेपटीला मऊ पिसं, त्यावर काळी लोकर गुंडाळून मानेजवळची पिसं फिरवायची. तो पाण्यात हलला की पाणी ढकलतो, आणि माशाच्या अंगावर जी रेघ असते ना दोन्ही बाजूंना, तिने त्याला हालचाल कळते, डोळ्यांनी दिसायच्या आधी. दुसरा स्टोनफ्लाय निम्फ (त्या किड्याच्या पाण्यातल्या पिल्लासारखी फ्लाय), सहा-आठ नंबर, तपकिरी किंवा काळा, ते किडे तसल्याच दगडाळ गार नद्यांत असतात आणि धारेने सुटून वाहतात. तिसरं एक जे शुद्ध सोवळ्यातले फ्लायवाले तोंड वाकडं करून सांगतील की ही फ्लायच नाही, गांडुळासारखी दिसणारी गुलाबी-लाल फ्लाय. पाणी काठ ओलांडतं तेव्हा मातीतली गांडुळं वाहतात, चढणीच्या माशांना पहिल्या पावसात आपण काय लावतो? झालं तर मग.

पिसांसाठी बाहेरून मागवत बसू नका, आमच्या डिचोलीच्या घरचा गावठी कोंबा, त्याच्या मानेची पिसं इतकी सुरेख आहेत की आई आता मला कोंब्याजवळ फिरकू देत नाही. गेल्या चतुर्थीला कापला तेव्हा, म्हणजे चतुर्थी झाल्यावर, अर्धी मान मी डबीत भरून ठेवली. टंगस्टनचे मणी मात्र ऑनलाइनच.

१९ घालवल्यात ना? ह्या वेळी ३० न्या. तळाशी गरी घालायची म्हणजे दगडाला दक्षिणा द्यावीच लागते.

म्हादईकाठची:
सगळं झालं पण पाण्यात शिरण्याचं राहिलंच आणि दादा तुमचा किस्सा वाचून मला खरं तर तेच पहिल्यांदा लिहायचं होतं. प्लीज शिरू नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा ढकलण्याचा जोर चौपट होतो, दुप्पट नाही. सकाळी जिथे घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडच्या बेटावर गेलात तिथून दुपारी परत येता येईलच असं नाही, आम्ही तिथे एका कुटुंबाला दोर टाकून आणलेलं बघितलंय, पिकनिकला गेले होते दगडावर. फ्लोटर्स घालून गोट्यांवर जाऊ नका, फेल्टच्या तळव्याचे बूट भाड्याने मिळाले तर बघा, नाहीतर काठावरच राहा. आणि पडलातच तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, पाय दगडात अडकतो आणि पाणी अंगावरून जातं. पाठीवर झोपायचं, पाय खालच्या अंगाला पुढे, आणि तिरकं काठाकडे सरकत राहायचं.

मानशीवरचो:
ही पोरगी बरोबर बोलते. खुद्द तीर्थनवर धरण नाही म्हणून तिथे निदान पाणी अचानक सोडलं जात नाही, पण खाली लार्जीला ती बियासला मिळते तिथून पुढे गोष्ट वेगळी. २०१४ च्या जूनमध्ये थलौटजवळ फोटो काढायला नदीत उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी लार्जी धरणातून सोडलेल्या पाण्यात गेले, तुला आठवत असेल, टीव्हीवर तो व्हिडिओ दिवसभर चालला होता. येता-जाता टॅक्सी थांबवून पोरांना बियासच्या पात्रात उतरू देऊ नको.

आणि लायसन्स काढ. मत्स्य खात्याचं मिळतं, नागनीला त्यांची हॅचरी (ट्राउटची पिल्लं वाढवायचं केंद्र) आहे तिथे चौकशी कर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, मासा अंडी घालतो म्हणून, मेमध्ये तो प्रश्न नाही. २०२३ च्या जुलैच्या पुराने त्या खोऱ्यात काठ पुष्कळ बदलले, मी सांगितलेल्या जुन्या जागा कदाचित जागेवर नसतील, तेव्हा जागा पाठ करू नको, पाणी बघ.

पेडण्याचो पावस:
एवढं वाचून मलाच जावंसं वाटायला लागलं, कसली ही संगत 😂

खांडेपारी:
मंडळी, जाऊन आलो. परवाच उतरलो मोपाला, अजून बॅगा तशाच.

पहिले दोन दिवस काही नाही, तेही सांगतो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ढग होते आणि वर पाऊस झाला असावा, पाणी सहा वाजताही धुवण. रॉडचं टोक वीतभरात गायब. चहा प्यालो, म्हादईकाठच्या ताईंचं नाव घेऊन.

तिसऱ्या दिवशी साडेपाचला उठलो, पोरगी पण उठली, म्हटलं चल. आदल्या संध्याकाळी खूण केली होती (कोळसा नव्हता, पोरीचा क्रेयॉन), पाणी चार बोटं खाली. पुलाच्या वरच्या अंगाला एक पिकअपएवढा दगड आहे, अर्धा काठात रुतलेला, त्याच्या मागे परातीएवढं पाणी नुसतं गोल फिरतंय आणि एक पान त्यात फिरत फिरत बाहेरच पडत नव्हतं. पोरगीच म्हणाली, बाबा ते पान बघ. मी काठापासून एक पाऊल मागे, गुडघ्यावर, काळा वूली बगर, वर शिशाची एक गोळी, लाइन रॉडच्या बाहेर हातभर पण नाही. खरं सांगतो, लाज वाटत होती, आजोबा काठी घेऊन बसायचे तस्साच दिसत असणार मी. पहिला ड्रिफ्ट हलका. गोळी अजून एक चावली. दुसऱ्याला दगड लागला टक्. चौथ्याला परत टक् झालं, पण हा टक् जरा मऊ, आणि दगड काही बाजूला सरकत नसतो.

लागल्यावर तो सरळ मोठ्या धारेकडे निघाला, तिथे गेला असता तर संपलं होतं. रॉड उंच न धरता आडवा काठाकडे वाकवला, चोणक खडकाकडे धावतो तेव्हा करतो तसा, आणि मी पण काठाने चार पावलं खाली चालत गेलो. थ्री-एक्स टिकला. वीत आणि वर तीन बोटं. पोटाकडे लोण्यासारखा पिवळा, अंगावर काळे आणि लाल ठिपके, लाल ठिपक्याभोवती फिकट कडं, कोणीतरी बसून एकेक रंगवल्यासारखं. हात ओले करून धरला, त्याच फिरत्या पाण्यात क्षणभर धरून ठेवला, शेपटीचा एक फटका मारून माझ्या तोंडावर पाणी उडवून गेला. पोरगी रडायच्या बेतात, तिला घरी न्यायचा होता.

चौथ्या दिवशी अजून दोन, दोन्ही काठापासून माझ्या रॉडच्या लांबीच्या आत. एक सुटला, त्याच्याबद्दल बोलायला नको. फ्लाय गेल्या ११, कोंब्याच्या पिसाच्या सात होत्या त्यात (त्याने बांधून पाठवल्या होत्या, आईला सांगू नको म्हणाला).

तो म्हातारा ह्या वेळीही होता. बाजूला जाऊन उकिडवा बसलो, डबी दाखवली. त्याने काळी फ्लाय बोटावर घेतली, मान हलवली आणि आपली दाखवली. काळी लोकर, हूक आणि शिसं, बस.

पेडण्याचो पावस:
आणि खाल्लास काय रे मग चार दिवस? राजमा?

खांडेपारी:
राजमाच. पण एका रात्री घरमालकांनी फार्मचा ट्राउट आणला, उकडून लिंबू वगैरे लावून देणार होते, बायकोने स्वैपाकघराचा ताबा घेतला. तिने बॅगेत रेशाद मसालो नेला होता, मला न सांगता. रव्यात घोळवून तव्यावर. घरमालक दोन तुकडे खाऊन म्हणाले अगले साल मसाला ज़्यादा लाना.

मानशीवरचो:
त्या दगडाचा फोटो आहे का? पुलाच्या वरचा, डाव्या काठाचा असेल तर तो माझ्या ओळखीचा आहे, पुराआधी त्याच्या मागे दोन पुरुष खोल कोंड होती.

खांडेपारी:
आहे काका, पोरीने काढलाय, पान पण दिसतंय त्यात. व्हॉट्सॲप करतो.